बारावी डबी

१

सुटकेसमध्ये खाचा बारा होत्या आणि डब्या अकरा. अध्यक्ष यापने आधी डावीकडून मोजल्या, मग उजवीकडून, मग चष्मा पुसून पुन्हा डावीकडून. आकडा काही बदलेना. तेव्हा त्याने एका हाताने दिव्याचं बटण खालीवर करायला घेतलं आणि एका पायाने फळ्यांची जमीन बडवायला. तंजुंग केलादी गावच्या बधिर मंडळात सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटलं की यातलं कुठलंही एक करतात. दोन्ही एकदम फक्त आग लागल्यावर करायचं, असा ठराव यापनेच मागे पास करून घेतला होता. त्यामुळे निम्मे सभासद आधी जिन्याकडे पळाले.

"आग नाही, चोरी," यापचे हात सांगत होते. "सात नंबरची डबी गेली. आणि दवाखान्याच्या मेट्रनबाई तीन वाजता येतायत."

पळालेले परत आले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते.

या डब्या म्हणजे मंडळाचा जीव की प्राण. सरकारी दवाखान्यात नंबर तोंडाने पुकारतात, आणि बहिऱ्या माणसाने सकाळपासून नर्सच्या तोंडाकडे बघत बसायचं, लघवीलासुद्धा उठायचं नाही. या डब्या साबणाच्या वडीएवढ्या. हातात धरून बसलात की तुमची पाळी आल्यावर थरथरतात आणि त्यांच्यावर लाल दिवा लुकलुकतो. तीन महिने प्रयोग म्हणून मिळाल्या होत्या. दर सोमवारी मंडळाने सुटकेस दवाखान्यात न्यायची, संध्याकाळी परत आणायची. सुटकेसच्या खाचेत डबी बसली की गप्प असते. खाचेबाहेर आणि दवाखान्यापासून लांब राहिली की अर्ध्या मिनिटाने एकदा तडफडते, हरवलेल्या पोरासारखी. आज, गुरुवारी, प्रयोग संपत होता. अट एकच होती, बारा दिल्या तर बारा दाखवायच्या. एक कमी भरली तर योजना बंद, आणि पुन्हा नर्सच्या तोंडाकडे बघणं आलं.

रोकियाह खिडकीशी मंडळाचा फलक शिवत बसली होती. तिने सुई कापडात टोचून ठेवली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चाळीस वर्षं गावातल्या बायकांचे कपडे शिवलेली. तिला काचबिंदू होता. मागच्या वर्षी दवाखान्यात बसून बसून दोनदा तिचा नंबर हुकला, दोन्ही वेळा पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळाली, आणि तेवढ्यात उजव्या बाजूचं दिसणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायचं तर एकही खेप चुकवू नका. ऐकणाऱ्या माणसाचे डोळे गेले तर निदान गप्पा राहतात. रोकियाहचे गेले असते तर गप्पा, भांडणं, चहाड्या सगळंच गेलं असतं. पुढची खेप येत्याच सोमवारी होती.

सगळे तिच्याकडे बघत होते. मंडळात काही हरवलं की तिच्याकडेच बघायची पद्धत होती. फ्रिजमध्ये सापडलेली कवळी कोणाची आणि लिलावाआधी दुरियानचं फळ कोणी फस्त केलं, हे दोन्ही तिनेच शोधलं होतं.

"शोधलंस तर तुझा सत्कार करू," याप म्हणाला.

"सत्कार नको. मला सोमवारी नंबर हवाय," रोकियाह म्हणाली. "सुटकेसला कुलूप होतं का?"

"होतं. मी सोमवारी संध्याकाळी लावलं, आत्ता उघडलं."

"आणि किल्ली?"

यापने खिशातून किल्ली काढून दाखवली. सोमवारी संध्याकाळपासून ती त्याच्याबरोबर पिनांगला होती. कुलपावर साधा ओरखडाही नव्हता.

२

मंडळात खाजगी बोलणं महाकठीण. हात हलले की पलीकडच्या भिंतीपर्यंत बातमी. म्हणून रोकियाहने मोठ्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली, मधल्या आडोशात दोन स्टुलं मांडली आणि एकेकाला बोलावलं. दारांच्या वरून तरीही अधूनमधून डोकी दिसत होती, ती तिने फूटपट्टीने खाली केली.

सोमवारी संध्याकाळी डब्या भरताना खोलीत पाचच माणसं होती. याप, दुभाषी कस्तूरी, इद्रिस, खालच्या कॉफीवाल्या दुकानाचा मालक ओंग, आणि ती स्वतः.

यापने पहिल्या झटक्यात कबुली दिली, पण चोरीची नाही. "मी न मोजताच कुलूप लावलं," त्याने मान खाली घालून सांगितलं. "सातची बस होती. नातवाचा वाढदिवस. मोजत बसलो असतो तर केक संपला असता." तो थेट आज सकाळी परतला होता. त्याने तिकीट दाखवलं, नातवाचा फोटो दाखवला, केकचाही दाखवला. म्हणजे डबी कुलूप लागायच्या आधीच गेली होती आणि चोराला ती परत ठेवायची बुद्धी झाली असती तरी कुलूप आडवं आलं असतं. रोकियाहने हे मनात टिपून ठेवलं.

मग कस्तूरी आली. ती ऐकणारी, पण आईबाप दोघेही बहिरे, त्यामुळे बोलायच्या आधी हात चालवायला शिकलेली. डब्या आल्यापासून सोमवारी तिला दवाखान्यात सकाळपासून कोणी बोलावत नव्हतं, आता ती फक्त डॉक्टरांच्या खोलीत लागायची. राग आला असेल का, असं रोकियाहने सरळच विचारलं.

"माकचिक, तीन महिने झाले, सोमवारी मी नवापर्यंत झोपते," कस्तूरी म्हणाली. मोठ्या बायकांना ती माकचिक, म्हणजे मावशी म्हणायची. "डब्या गेल्या तर माझी झोप जाईल. मी कशाला चोरू?"

उत्तर पटण्यासारखं होतं. पण बोलताना मध्येच तिचे डोळे मिटले आणि खांदा उडाला. जरा वेळाने पुन्हा. मग पुन्हा. डास नव्हता, माशी नव्हती. या पोरीचं काहीतरी बिनसलंय, रोकियाहला वाटलं. मनात काही असल्याशिवाय माणूस असं दचकत नाही.

तिसरा इद्रिस. मंडळात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, ते एकदा पडलं की मरेपर्यंत सुटत नाही. रोकियाहचं नाव सुई, यापचं मिशी, आणि इद्रिसचं कान. लाकडाच्या वखारीत उभा जन्म काढलेला माणूस, सहासष्ट वर्षांचा, डाव्या कानात यंत्र. सगळ्या मंडळात थोडंफार ऐकू येणारा हा एकटाच. तीस वर्षं कोणाला दवाखान्यात जायचं असलं की इद्रिस बरोबर. तो पुढच्या बाकावर ताठ बसायचा, नंबर पुकारला की मांडीवर थाप मारायचा, "जा, तुझा आला." लोक त्याला घरून केळ्याच्या पानातला भात आणून द्यायचे, पंख्याखालची जागा त्याची असायची. डब्या आल्या आणि हे सगळं थांबलं. तेव्हापासून तो कोपऱ्यातल्या कराओकेच्या खोक्यावर पत्ते लावत एकटाच बसायचा. ते खोकं एका प्लायवुड कंपनीने बधिर मंडळाला मोठा समारंभ करून, फीत बांधून भेट दिलं होतं. कोणी देतंय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून घेतलं. उंचीला चांगलं होतं, टेबल म्हणून वापरत होते.

"सोमवारी मी पाय ऐकले," इद्रिस म्हणाला. "मागच्या जिन्यावर. बुटांचा आवाज, टॉक टॉक टॉक. आला आणि गेला."

"कोणाचे पाय?"

"ओंगचे. दुसरं कोण? तक्रार करायला पुढच्या जिन्याने आला, मग गुपचूप मागच्याने परत आला. माझ्या कानाने ऐकलंय."

हे त्याने आडोशात सांगितलं खरं, पण इद्रिसचे हात लांब आणि खुणा वखारीतल्या, दारांच्या बाहेर पाऊणएक हात येणाऱ्या. बाहेर सगळ्यांनी वाचलं. रोकियाह उठेपर्यंत यापने बाह्या सरसावल्या होत्या आणि सात जण ओंगला जाब विचारायला जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

३

त्यांना आवरायला कस्तूरीला जिन्यात उभं करून रोकियाह वही-पेन्सिल घेऊन एकटी खाली गेली. ओंगचं आणि मंडळाचं बारा वर्षांचं हाडवैर होतं. वर कोणी पाय आपटला की खाली त्याच्या कॉफीत गिलावा पडायचा. दर सोमवारी तो तक्रार घेऊन वर यायचा, याप त्याच्या ओठांकडे अतिशय सभ्यपणे बघायचा आणि शेवटी त्याला चहा देऊन परत पाठवायचा.

आज दुकानाची अवस्था विचित्र होती. दुपारची गर्दीची वेळ, आणि डाव्या कोपऱ्यातली चारही टेबलं रिकामी. उरलेली गिऱ्हाइकं दाराशी कोंबल्यासारखी बसून टोस्ट खात होती. ओंग गल्ल्यावर होता आणि त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

रोकियाहने वहीत लिहिलं, सोमवारी तुम्ही मागच्या जिन्याने वर आला होतात का?

ओंगने वही ओढून घेतली. तिच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं बाजूला, त्याने पानभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आवाज. मंगळवार दुपारपासून. गिऱ्हाईक पळालं. माणुसकी आहे की नाही?"

रोकियाहला आधी वाटलं, हे नेहमीचंच, पाय आपटण्याचं रडगाणं. ती उठणारच होती. पण पाय तर आम्ही बारा वर्षं आपटतोय, मग मंगळवार दुपार कुठून आली? बरं, मंगळवारी आणि बुधवारी याप नव्हता, आणि आपटणाऱ्यांत पहिला नंबर त्याचा. हे दोन दिवस उलट शांततेत जायला हवे होते. ती पुन्हा बसली, एक चहा मागवला आणि नुसती बघत राहिली. बघण्यात तिचा हात कोणी धरला नसता, उजवी बाजू गेली तरी.

गल्ल्यावर ओंगचं मांजर झोपलं होतं. एकाएकी त्याचे दोन्ही कान छताकडे वळले. त्याच क्षणी ओंगने चेहरा आंबट केला. रोकियाहने टाके मोजावेत तसे मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. तीसला पुन्हा मांजराचे कान वळले, ओंगचा चेहरा आंबला. तिने पुन्हा मोजलं. तीसला मांजर, ओंग आणि दाराशी चहा पिणारा मासेवाला, तिघांनीही एकदम वर पाहिलं, डाव्या कोपऱ्यातल्या छताकडे.

चहा देताना ओंग गल्ल्याबाहेर आला तेव्हा तिने त्याचे पाय पाहिले. रबराच्या सपाता, टाचा झिजून कागद झालेल्या. गावात कोणालाही विचारा, ओंगने लग्नातसुद्धा दुसरं काही घातलं नव्हतं.

रोकियाहने चहा तसाच टाकला. कस्तूरीचा उडणारा खांदा तिला आठवला होता, आणि त्या छताच्या बरोबर वर मंडळात काय ठेवलेलं आहे, तेही.

४

"कस्तूरी, रबराच्या सपातांचा आवाज कसा येतो?" जिन्यातच तिने विचारलं.

कस्तूरीने डोळे मोठे केले. "चपक चपक. का?"

"टॉक टॉक असा येतो?"

"कधीच नाही. टॉक टॉक म्हणजे टाचेचे बूट."

"बरं. आणि आत्ता या क्षणी तुला काही ऐकू येतंय?"

"आता येईल," कस्तूरी म्हणाली, जरा थांबली आणि तिचा खांदा उडाला. "आलं. पीं करून. तुमचा तो कराओके बिघडलाय ना? मंगळवारपासून चाललंय."

"मंगळवारपासून चाललंय आणि तू आज सांगतेस?"

कस्तूरी ओशाळली. तिने जे सांगितलं त्यावर रोकियाहला तिच्यावर रागावताही येईना. तिचं लहानपण बहिऱ्या आईबापांच्या घरात गेलं होतं. नळ रात्रंदिवस वाहायचा, किटली शिट्ट्या मारून मारून कोरडी पडायची, बापाच्या स्कूटरचा भोंगा एकदा अडकला तो सबंध ईद वाजत राहिला. प्रत्येक आवाज आईला सांगत बसली असती तर शाळा झाली नसती. आवाज आला की आपण दचकायचं आणि पुढचं काम करायचं, ही सवयच लागली. बहिऱ्यांच्या घरात आवाज असायचेच, त्यात सांगण्यासारखं काय, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

रोकियाह वर आली. कराओकेच्या खोक्यावर इद्रिसचे पत्ते मांडलेले होते, तो स्वतः खिडकीपाशी यापशी बोलत होता. तिने तळहात खोक्यावर ठेवला आणि तीसपर्यंत मोजलं. काही थरथरलं नाही. मागच्या जाळीतून आत पाहिलं, लुकलुक नाही. तिने शिवणाच्या कात्रीने मागची फळी उचकटली आणि आत हात घातला.

आत एक जाडजूड टॉवेल होता, सुतळीने बांधलेला. टॉवेलात स्पंजाचे दोन तुकडे होते. स्पंजात काळ्या कापडाची घडी होती, आणि घडीत सात नंबरची डबी, बॅटरी संपत आलेली. मोकळी होताच ती तिच्या हातात थरथरली आणि तिच्यावर लाल दिवा लागला.

सगळ्यांचे हात वर गेले. याप नाचायचाच बाकी होता. सभासद एकमेकांना मिठ्या मारत होते, एकाने तर खाली जाऊन ओंगला मिठी मारली. रोकियाह मात्र टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. सुतळीला चार गाठी होत्या. डबीची लुकलुक दिसू नये म्हणून काळं कापड. थरथर जाणवू नये म्हणून स्पंज. एवढी सगळी काळजी घेणाऱ्याने ती दोन दिवस मोठ्याने ओरडेल याची काहीच सोय केली नव्हती. तिला चोर कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

दाराजवळचा पाहुण्यांचा दिवा चमकला. खाली कोणीतरी घंटा दाबली होती.

५

मेट्रन नोर्मा बाई शिस्तीची होती. तीनला पाच कमी असताना ती वर आली, तिने बारा डब्या मोजल्या आणि सात नंबरची उचलून निरखली. हिची बॅटरी का उतरली, असं तिने विचारलं. कस्तूरीने यापकडे पाहिलं, यापने रोकियाहकडे. खोटं बोलायला सगळ्यांचे हात जड झाले, आणि झाला प्रकार कस्तूरीने सांगून टाकला.

"म्हणजे चोरी झाली," मेट्रन म्हणाली. "मला अहवालात लिहावं लागणार. कोणी नेली आणि का नेली, हे तुमचं तुम्हाला माहीत नसेल तर पुन्हा होणार नाही कशावरून? मग मी या डब्या ठेवू शकत नाही."

सोमवार रोकियाहच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ती मध्ये आली, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि बोलू लागली. कस्तूरी बाजूला उभी राहून मेट्रनला सांगत गेली.

"डबी सोमवारी संध्याकाळी गेली. खोलीत पाच जण होते. ज्याने ती लपवली, त्याने उजेड झाकला, थरथर झाकली. आवाज झाकला नाही. कारण आवाज असतो हेच त्याला माहीत नव्हतं. आपल्यापैकी कोणाला माहीत होतं? मलाही नव्हतं. ऐकणाऱ्या चोराने पहिल्या पींलाच बॅटरी काढून फेकली असती. म्हणजे कस्तूरी सुटली. ओंगही सुटला, तो तर कापूस घालून बसलाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आवाज मंगळवारी दुपारी सुरू झाला. म्हणजे डबी खोक्यात गेली ती तेव्हा. त्या वेळी याप पिनांगला केक खात होता. याप सुटला."

यापने मिशीवर हात फिरवला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"उरले दोघं," तो म्हणाला. "तू आणि इद्रिस. आणि इद्रिसला ऐकू येतं. तो तर दोन दिवस त्याच खोक्यावर पत्ते लावत होता, आवाज आला असता तर त्याने सांगितलं नसतं का?" त्याचे हात हवेत थांबले. "सुई, म्हणजे तू?"

खोलीतले सगळे डोळे रोकियाहवर आले. एक वाक्य बोललं की ती सुटणार होती. पण ते वाक्य बोललं की एका माणसाचं मंडळातलं सगळं जात होतं, नावसुद्धा. तिने हात खाली सोडले. मेट्रनने पेन उघडलं. रोकियाहला तिच्याकडे बघवेना आणि इद्रिसकडेही बघवेना.

इद्रिसने कानातलं यंत्र काढलं आणि पत्त्यांवर ठेवलं.

"याच्यात बॅटरीच नाहीये," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. घालून उपयोग काय? मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. आधी तो नर्सच्या ओठांवरून भागवून न्यायचा. मग नर्सेसनी तोंडाला मास्क लावले आणि दुकान बसलं. तेव्हापासून तो अंदाजाने थाप मारत होता. डब्या आल्या तेव्हा खरं तर त्याचाच जीव भांड्यात पडला होता. त्याला साखरेचा आजार, दर महिन्याला दवाखाना, आणि स्वतःचा नंबर स्वतःला कळत नव्हता. पण डबी घ्यायची तर सगळ्यांसमोर वहीत सही करायची, आणि पुढे लिहायचं, ऐकू येत नाही. कान नावाच्या माणसाने ते कसं लिहायचं? म्हणून सोमवारी एक उचलून खिशात टाकली. घरी जाईपर्यंत ती खिशात उड्या मारायला लागली. मंगळवारी सकाळी परत ठेवायला आला तर सुटकेसला कुलूप. बरं, इथे कोणाच्या नकळत काही करायची सोय नाही, दहा जणांचे डोळे सगळीकडे. दुपारी सगळे जेवायला वळले तेवढ्यात ती खोक्यात कोंबली आणि वर पत्ते मांडून राखण करत बसला. पायांचा आवाज त्याने आपल्या मनाने रचला होता. तीस वर्षांपूर्वी ऐकलेले आवाज त्याच्याकडे होते, त्यातला एक वापरला.

मेट्रन कस्तूरीकडे बघत राहिली. "पण डबी फुकट मिळते," ती म्हणाली. "आणि नुसती खिशात ठेवून पाळी आली की ती थरथरत नाही हो. काउंटरवर तिच्यात नंबर घालावा लागतो."

हे इद्रिसला नवीन होतं. मागायची सोडून चोरली, आणि चोरूनही चालली नसती. तो खोक्यावर मटकन बसला.

मग एकच गिल्ला झाला. सहा वर्षांचे हिशेब लोकांना एकदम आठवले. तेव्हा मला दाताच्या डॉक्टरऐवजी डोळ्याच्या खोलीत कोणी पाठवलं? माझ्या बायकोचा नंबर चव्वेचाळीस होता, चौपन्नला कोणी उठवलं? सगळ्यांत जास्त भडकला याप. पाच वर्षांपूर्वी तो पाठ दुखते म्हणून गेला होता, इद्रिसच्या थापेवर उठून आत गेला आणि कुत्रा चावल्याची इंजेक्शनं घेऊन आला. चार. दवाखान्यात किती काळजी घेतात म्हणून त्याने आभाराचं पत्रही पाठवलं होतं. मेट्रनला ते पत्र आठवत होतं. इतकी वर्षं तिला त्याचा अर्थ लागला नव्हता, आता ती तोंडावर वही धरून हसत होती. तिने अहवालात लिहिलं की एक डबी एका गरजू सभासदाने न सांगता नेली होती, ती परत मिळाली, आणि गरजू लोक अंदाजापेक्षा जास्त असल्यामुळे बाराच्या जागी तेरा डब्या द्याव्यात. इद्रिसपुढे तिने वही धरली. त्याने सही केली आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, ऐकू येत नाही.

मेट्रन गेल्यावर चहा झाला. लोक अजून इद्रिसची थट्टा करत होते, पण त्याच्यासाठी कप भरला होता. तो रोकियाहच्या शेजारी येऊन बसला.

"मागच्या वर्षी तुझ्याबरोबर मी दोनदा आलो होतो," त्याने तिच्यासमोर हात आणून विचारलं. "तुझं काही हुकलं का?"

ऐकणाऱ्या लोकांत अशा वेळी जाऊ दे म्हणतात. बहिऱ्यांत असलं काही चालत नाही, कोणी जाड झालं तर तोंडावर सांगतात.

"दोन्ही वेळा तू म्हणालास, अजून पुकारलं नाही," रोकियाह म्हणाली. "चार महिने गेले. माझी उजवी बाजू त्यात गेली. मी दवाखान्याला शिव्या देत होते." एवढं बोलून तिने मान पुढे वळवली आणि चहा उचलला.

खोलीतली थट्टा थांबली. समोर बसलेला याप जरा वेळाने हलक्या हाताने म्हणाला, "सुई, तो माफी मागतोय. बघ तिकडे."

इद्रिस तिच्या उजव्या बाजूला बसला होता. त्याचे हात चालू होते, सगळी खोली ते बघत होती, आणि तिच्यासाठी तिथे नुसता अंधार होता.

"मी वळणार नाही," रोकियाह म्हणाली. "त्याला सांग, मला तिकडचं दिसत नाही."

यापला सांगावं लागलं नाही. इद्रिसने तिचे हात वाचले होते. तो उठला, आपलं स्टूल उचललं, तिच्या मागून फिरून डाव्या बाजूला आला आणि उजेड आपल्या हातांवर पडेल असा बसला. तिने त्याच्याकडे बघेपर्यंत तो थांबला. मग त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.